इंजिन वाजत होतं

परवा एका साखरपुड्याचे फोटो काढून वाशीकडं परत येत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चालली होती. वाळलेल्या पानांचा तो कोरडा, कागद चुरगाळल्यासारखा आवाज. उपटलेल्या धाटांच्या मुळांची माती झाडताना होणारा धप्प. मध्येच एका पातीवरून दुसऱ्या पातीवर गेलेली बायकांची हाळी. मी स्कूटर बाजूला घेतली. कॅमेरा गळ्यातच होता, उजेडही तिरका, चांगला होता. पण फोटो काढला नाही. नुसता ऐकत उभा राहिलो आणि ऐकता ऐकता माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

लाज मनात असते असं लोक म्हणतात. माझी कानाच्या पाळ्यांत आहे. एरवी वर्षभर ती कुठं असते कोण जाणे, पण हरभऱ्याला घाटे धरले, त्याची आंबट-खारट आंब बोटांना लागायला लागली, ज्वारीची कणसं पांढरी पडली, की ती येते. याच दिवसांत आम्ही गाडीचं इंजिन तपासलं होतं.

माझा वाशीत फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओच्या मागं पत्र्याची शेड आणि शेडमध्ये एक जुनी अँबॅसिडर. मोटारींचं वेड मला कुठून लागलं ते सांगता येणार नाही. आमच्या घरात सायकलीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. ही गाडी मला सोनारीत दिसली. काळभैरवाच्या दर्शनाला आलेल्या एका नव्या जोडप्याचे फोटो काढायला गेलो होतो. देवळामागच्या एका अंगणात, बोरीच्या झाडाखाली, ती मातीत रुतून बसली होती. रंग कुठला होता ते ओळखू येत नव्हतं. मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातली होती. मी बराच वेळ तिच्याभोवती फिरतोय हे बघून घरमालक बाहेर आला आणि म्हणाला, "न्या की! जागा तरी मोकळी हुईल."

गाडी आणायला एक दिवस लागला. दुरुस्त करायला किती लागले ते मी असं सांगतो: गाडी शेडमध्ये आली तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती, आणि इंजिनाला हात लावला तेव्हा ती दहावीचा अभ्यास करत होती. मधल्या काळात पत्रा झाला, दारं झाली, सीटा झाल्या. काचेच्या रबरासाठी मी पुण्याच्या जुन्या बाजारात किती रविवार घालवले त्याला हिशेब नाही. लग्नसराई आली की काम थांबायचं, संपली की पुन्हा सुरू व्हायचं. इंजिन मात्र मी सारखं पुढं ढकलत होतो. बाकी सगळं बिघडलं तरी दुरुस्त होतं हे मला कळलं होतं. इंजिन उघडलं आणि ते मेलेलं निघालं तर? जोवर उघडलं नव्हतं तोवर ते चांगलंच होतं.

आणि इंजिन तपासायचं तर ते मामांनीच, हेही ठरलेलं होतं.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात. ते लोहाऱ्याचे. विहिरींवर अजून विजेच्या मोटारी आल्या नव्हत्या, डिझेलच्या इंजिनांवर पाणी उपसायचे, त्या काळात लोहारा भागातल्या मळ्यामळ्यांतून मामांना बोलावणं यायचं. कुणी सायकलवर डबलसीट न्यायचं, कुणी बैलगाडी पाठवायचं. मामांचा आवाज मोठा, मिशा मोठ्या आणि स्वतःबद्दलचं मतही मोठं. "मळ्यात शिरायच्या आत, बांधावरनंच सांगायचो म्या," ते मला सांगत, "ह्याचा वॉल चिटकलाय, त्याच्या पंपात हवा धरलीय. डाक्टर नाडी धरतो, पाव्हणं. म्या कान लावतो."

कान लावायचे म्हणजे खरंच लावायचे. त्यांच्याजवळ एक लांबलचक पेचकस होता, लाकडी मुठीचा. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. मग डोळे मिटून, पेचकस इंचाइंचानं सरकवत, ते आतलं सगळं ऐकत. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला त्यांनी माझ्या स्कूटरवर हा प्रयोग करून दाखवला होता आणि निदान अचूक निघालं होतं.

सासरा आणि जावई यांच्यात एक अंतर असतं. आम्ही दोघंही एकमेकांना 'तुम्ही' म्हणायचो, एकमेकांसमोर नीट बसायचो, एकमेकांच्या जेवणाची चौकशी करायचो आणि विषय संपायचा. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही हा मामांचा जुना हट्ट होता. सकाळी आले तरी संध्याकाळच्या एसटीनं परत. गाडी आली आणि तो हट्ट मोडला. दोन-दोन दिवस राहायला लागले. लुंगी गुंडाळून शेडमध्ये गाडीखाली झोपलेले मामा मला हाक मारायचे, मी वरून पान्हा द्यायचो, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा आमच्या दोघांत बोलायला काहीतरी होतं. बोलायचे तेच. विहिरी, इंजिनं, माणसं, कोणाच्या मळ्यात कोणतं कालवण खाल्लं ते सगळं. मला वाटायचं, माणूसच बोलका आहे. आता कळतं की माणूस बोलत असतो तोवर त्याला ऐकावं लागत नाही.

कारण मामांना ऐकू येईनासं झालं होतं. आयुष्यभर कानाला इंजिनं लावल्यावर दुसरं काय होणार? टीव्हीचा आवाज शेजारच्या घरात जायचा. फोन आला की सासूबाईच उचलायच्या आणि "ते बाहेर गेलेत" म्हणून स्वतःच बोलायच्या. आम्हाला माहीत होतं. सुनंदाला, माझ्या बायकोला, तर फार आधीपासून. पण मामांसमोर ते कधी कुणी बोललं नाही. आम्ही फक्त जरा मोठ्यानं बोलायला लागलो होतो, आणि ते मोठ्यानं बोलणंही असं, जणू आम्हाला तसंच बोलायची सवय आहे.

त्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत मामा आले ते पेचकस घेऊनच. इंजिन वर्षानुवर्षं उभं राहून आवळलं होतं. हँडल घालून दोघांनी जोर लावला तरी हलेना. मामांनी प्लग काढले, त्या भोकांतून थोडं थोडं डिझेल सोडलं आणि म्हणाले, "पिऊ द्या त्याला. घाई न्हाय करायची." मग आम्ही नुसते बसलो. शेडच्या दारात ऊन यायचं. सुनंदा हुरडा भाजून आणायची, सोबत शेंगदाण्याची चटणी. तळहातावर चोळलेल्या गरम दाण्यांचा तो गोड, हिरवा वास आणि शेडमधला डिझेलचा वास माझ्या डोक्यात आता एकमेकांपासून वेगळे होत नाहीत. तिसऱ्या का चौथ्या दिवशी हँडल करकरलं, आणि मग एकदम फिरलं. मामांनी मला चक्क मिठी मारली. जावयाला मिठी! लगेच दोघंही लांब झालो आणि गाडीकडं बघायला लागलो.

मी पिस्टनचा दाब मोजायचं मीटर मागवलं होतं. मामांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"ह्यो काय सांगतो?"

"प्रत्येक पिस्टन किती दाब धरतो ते, मामा."

"त्यो आकडा सांगंल. दुखतंय कुठं ते सांगंल का?"

आकडे बरे आले. मामा म्हणाले, आता चालू करून ऐकायचं.

ते दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर करायचं असं मीच ठरवलं. इतकी वर्षं लोकांनी "झाली का गाडी?" विचारून मला हैराण केलं होतं. शेजारचा हार्डवेअरवाला आला, समोरचा कापड दुकानदार आला, शाळेतले दोन मास्तर आले. मी पेढे आणून ठेवले. मामांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता आणि तेच सगळ्यांना समजावून सांगत होते की इंजिन ऐकायचं म्हणजे काय करायचं.

मी चावी फिरवली. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, निळ्या धुराचा लोट शेडभर झाला आणि ते चालू झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या आणि इंजिनाची चाल स्थिर झाली, तेव्हा तो आवाज ऐकू आला.

ठक्. ठक्. ठक्. खालून, आतून, ठरलेल्या तालात. लोखंडावर लोखंड आपटल्याचा, ॲक्सिलरेटर दाबला की अजून मोठा. मोटारीतलं मला जेवढं कळतं तेवढ्यावर सुद्धा मी सांगू शकलो असतो की आत काहीतरी झिजून सैल झालंय आणि हे असं चालवणं बरं नाही. ऐकायला कान लावायचीही गरज नव्हती. हार्डवेअरवाल्यानं माझ्याकडं बघितलं.

मामा पुढं झाले. पेचकसाचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. त्यांनी पेचकस सरकवला, थांबले, पुन्हा सरकवला. एका मास्तरांनी तोंडावर रुमाल धरला. धुरासाठी धरला असेल. मग मामांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. क्षणभरच.

"काय पाव्हणं?" ते म्हणाले.

मी मान हलवली. हसलोसुद्धा. "छान आहे, मामा."

"साफ हाय!" मामा सगळ्यांकडं वळून ओरडले. "मोत्यावाणी! हे इंजन तुमच्या नातवंडाला फिरवंल, पाव्हणं!"

इंजिन वाजतच होतं. मी चावी बंद केली. इतक्या घाईनं बंद केली, जणू कुणाच्या समोर काहीतरी उघडं पडलंय आणि त्यावर मी चादर टाकतोय. मग पेढे वाटले. कापड दुकानदार आपल्या चपलांकडं बघत पेढा खात होता. बाहेर पडताना कुणीतरी नाकातून हसल्याचं मी ऐकलं. कोण ते बघितलं नाही.

मला तेव्हा लाज वाटली ती मामांची वाटली. हे लिहायला जड जातंय, पण तसंच होतं. स्वतःची वाटायला अजून वेळ होता. त्या क्षणी मला एवढंच हवं होतं की ही माणसं लवकर जावीत, हा पांढरा सदरा, हा पेचकस, हे 'मोत्यावाणी' लवकर संपावं. मी खोटं बोललो ते त्यांचा मान राखायला, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगितलं.

त्या रात्री मामा बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून जेवत होते. मी स्वयंपाकघरात गेलो. सुनंदानं शेडचं सगळं खिडकीतून ऐकलं होतं.

"तुम्ही अण्णांला सांगितलं का न्हाई?" ती म्हणाली. वडलांना ती अण्णा म्हणते.

"तू का नाही सांगितलंस?"

"मी लेक हाय."

"मी जावई आहे."

बाहेर टीव्ही ओरडत होता. ती भाकरी थापत राहिली.

मामा लोहाऱ्याला परत गेले आणि मी त्यांच्या अपरोक्ष इंजिन उतरवलं. टेम्पोत घालून धाराशिवला हमीदभाईंच्या गॅरेजला नेलं. सुनंदानं आईला फोन करून सांगितलं की ह्यांना लग्नांचं काम फार आहे, गाडीचं काम सध्या बंद आहे, अण्णांना यायची घाई नाही म्हणावं. सगळं व्यवस्थित झालं होतं. इंजिन नीट होऊन परत येईल, गाडीत बसेल, मामा येतील, ऐकतील, साफ आहे म्हणतील, आणि तेव्हा ते खरंच साफ असेल. कुणाला काही दुखायचं कारण नाही. आम्हाला हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

मामा न सांगता आले. हातात हरभऱ्याच्या ढाळ्यांची मोठी जुडी. ओले घाटे लगडलेले. नातीला आवडतात म्हणून एवढ्या लांबून दोन एसट्या बदलून आणले होते. जुडी सुनंदाच्या हातात देऊन, पाणीसुद्धा न पिता, ते थेट शेडमध्ये गेले. मी स्टुडिओतून पळतच मागं गेलो, पण त्यांनी बॉनेट उघडलं होतं.

आत काही नव्हतं. नुसत्या लोंबणाऱ्या वायरी, कापडानं बांधलेला एक पाइप आणि खाली जमीन.

"इंजन कुठं हाय, पाव्हणं?"

"रंगायला दिलंय, मामा. धाराशिवला."

हे खोटं कुठून आलं मला ठाऊक नाही. आधी ठरवलेलं नव्हतं. एकदा बोललेल्या खोट्याला दुसरं असं आपोआप चिकटत येतं. मामांनी बॉनेट हळू खाली केलं. "बरं केलं," ते म्हणाले. "म्या उद्या धाराशिववरनंच जाणार की. तुमीबी चला. बघून येऊ रंग."

मी 'हो, जाऊ' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी एसटीत ते खिडकीशी बसून बोलत होते. शेतं मागं पळत होती. कुठं ज्वारी उभी, कुठं आडवी पडलेली, कुठं नुसते पेंढ्यांचे ढीग. मी मान हलवत होतो. हमीदभाईंना निरोप द्यावा म्हणून दोनदा फोन लावला, उचलला नाही. फोन लावतानासुद्धा मला मामांपासून तोंड फिरवायची गरज नव्हती, हे मनात आलं आणि मी फोन खिशात टाकला.

हमीदभाई म्हणजे जाडजूड, फटकळ माणूस. मामांना ते ओळखत नव्हते. इंजिन लोखंडी टेबलावर उलटं पडलेलं होतं, खालचं चेंबर काढलेलं, आतलं सगळं उघडं. रंगाचा कुठं पत्ता नव्हता. मला बघताच हमीदभाई तिथूनच म्हणाले, "साहेब, ह्याला ज्यानं पास केलं त्याच्या कानात बोळे घातले होते का? अख्खी गल्ली जागी होईल असं वाजत असणार हे!"

मामा माझ्या शेजारी उभे होते. टेबलाकडं बघत होते. हमीदभाईंचे ओठ हललेले त्यांना दिसले.

"काय म्हनले ते?" त्यांनी मला विचारलं.

"चहा घेणार का, विचारतायत."

"घेऊ की," मामा म्हणाले.

हमीदभाईंनी माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. फटकळ माणसाचा चेहरा असा उतरलेला मी पहिल्यांदा बघितला. त्यांनी स्वतः खुर्ची आणली, फडक्यानं पुसली. "बैठो चाचा, बैठो," म्हणाले, आणि चहा सांगायला स्वतःच बाहेर गेले.

मामा बसले नाहीत. टेबलावर काढून ठेवलेल्या भागांतून त्यांनी बेअरिंगची अर्धगोल पट्टी उचलली. ही पट्टी नवी असताना चांदीसारखी गुळगुळीत असते. हिच्यावरचा थर पार खरवडला जाऊन आतलं तांबं उघडं पडलं होतं. मामांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. मग नख फिरवलं. मग उजेडाकडं धरून बघितली. अशी पट्टी घातलेलं इंजिन कसं वाजतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी ती होती तिथं, होती तशी ठेवली, सदऱ्याला हात न लावता बोटं फडक्याला पुसली आणि खुर्चीवर बसून आलेला चहा प्यायला. मी त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं आधी कधी बघितलं नव्हतं.

बसस्टँडवर लोहाऱ्याची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. समोर एक बाई बोरं विकत होती. मामांनी माझ्याकडं न बघता विचारलं,

"लई वाजत हुतं का?"

मी मान हलवली. मग ते बघत नाहीयेत हे लक्षात येऊन मोठ्यानं म्हणालो, "हो, मामा."

"सुनंदाला ऐकू गेलं?"

"हो."

"त्या दुकानदाराला? मास्तरला? समद्यांला?"

"हो."

"आन् म्या मोत्यावाणी म्हनलो," मामा म्हणाले. "मंग समद्यांनी पेढं खाल्लं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"कानाचं मला ठाऊक हाय, पाव्हणं. घरात कोन काय बोलतंय ते तोंडाकडं बघितलं की कळतंय. इंजनाला तोंड नसतंय." आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. "म्हनून म्या तुमच्या तोंडाकडं बघितलं हुतं त्या दिशी. इचारलंबी. तुमचं तोंड साफ हाय म्हनलं."

मला तो क्षण आठवला. डोळे उघडून माझ्याकडं वळलेला चेहरा, 'काय पाव्हणं?' मी ते बढाईच्या आधीचं कौतुक मागणं समजलो होतो. तो खरोखरचा प्रश्न होता. आपल्याला ऐकू येत नाही हे ठाऊक असलेल्या माणसानं, सगळ्यांसमोर, कुणाला कळू न देता, एकट्या माझ्याकडं मदत मागितली होती. इंजिन मामांनी पास केलंच नव्हतं. मी केलं होतं.

गाडी लागली. मामा उठले. "येतो पाव्हणं," म्हणाले, नेहमीसारखं, आणि चढले. खिडकीची जागा मिळाली तरी त्यांनी बाहेर बघितलं नाही.

त्यानंतर ते आले नाहीत. फोन सासूबाईच घ्यायच्या, पूर्वीसारख्याच, पण आता "ते बाहेर गेलेत" म्हणून लगेच फोन ठेवायच्या. सुनंदा माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी ती मुलीसाठी ढाळ्यांतले उरलेले घाटे सोलत बसायची आणि दोघींपैकी कुणीच ते खायचं नाही. इंजिन नीट होऊन आलं. मी आणि हमीदभाईंनी ते बसवलं, चालू केलं. खरोखर साफ, संथ, एकसारखी चाल. मी कुणाला बोलावलं नव्हतं. हमीदभाई इंजिनावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "चाचांना ऐकवलं का?" मग स्वतःच ओशाळून बॉनेट लावायला लागले.

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं झालं. गाडी अजून शेडमध्येच असते. मी ती चालवतो, कधीमधी. लोक कौतुक करतात. कुणी म्हणतं, आवाज बघा कसा आहे, आणि मी विषय बदलतो.

रानं मोकळी व्हायला लागली होती तेव्हा मी लोहाऱ्याला गेलो. गाडी नेली नाही. ती नेऊन त्यांच्या दारात उभी करणं म्हणजे काय झालं असतं ते मला चांगलं कळत होतं. एसटीनं गेलो, स्टँडवरून चालत. सुनंदाला सांगितलं होतं, ती म्हणाली, "येकटेच जावा."

दुपार उतरली होती. मामा दारातल्या ओट्यावर बसले होते. गल्लीत माणसं होती. समोरच्या दारात एक बाई सुपात ज्वारी घेऊन पाखडत होती, पलीकडं दोन म्हातारे लिंबाखाली बसले होते. मामा मला बघून उठायला लागले. जावई आलाय, उठायला पाहिजे. मी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि शेजारी बसलो.

एसटीत मी वाक्य जुळवून आणलं होतं. ते हळू आवाजात म्हणालो. अशी वाक्यं आपण हळूच म्हणतो.

"आं?" मामा म्हणाले.

मी पुन्हा म्हणालो, थोडं मोठ्यानं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, पण मी बोलताना मान खाली घातली होती.

"काय म्हनलाव?"

सुपाचा आवाज थांबला होता. म्हातारे आमच्याकडं बघत होते. दुसरा इलाज नव्हता. मी मान वर केली आणि ओरडलो, "मामा, माझं चुकलं! मी खोटं बोललो! इंजिन वाजत होतं!"

गल्लीत सगळीकडं ते गेलं. आतून सासूबाई दारात आल्या. माझे कान असे तापले होते की मला वाटलं बाहेरून दिसत असतील.

मामा माझ्याकडं बघत होते. त्यांचा चेहरा हलला नाही. मग हळूहळू त्यांनी मान हलवली, एकदा, दोनदा.

"येवढ्या मोठ्यानं त्या दिशी बोलला असताव," ते म्हणाले, "तर इंजन उतरवायला म्याच आलो असतो." आणि मग, "कसं वाजत हुतं?"

"आं?" आता मी म्हणालो.

"कसं वाजत हुतं ते सांगा की."

मी इकडंतिकडं बघितलं. मग सांगितलं. स्टुडिओ चालवणारा, दहावीतल्या पोरीचा बाप असलेला मी लोहाऱ्याच्या त्या गल्लीत मोठ्यानं "ठक्! ठक्! ठक्!" करत होतो. मामांनी डोळे मिटले होते.

"येकसारखं? का जोर दिल्यावर जास्त?"

"जोर दिल्यावर जास्त!"

"वरनं का खालनं?"

"खालून!"

"मंग बेअरिंगच," मामा डोळे उघडून म्हणाले. "बांधावरनंबी कळलं असतं."

समोरची बाई सूप तसंच धरून उभी राहिली होती. तिनं मामांना हातानंच विचारलं, काय झालं, कोण ओरडतंय?

"कुनी न्हाय गं," मामांनी तिला मोठ्यानं सांगितलं. "आमचं पाव्हणं बोलायलेत माझ्यासंगं."